सूट सायरनला असू द्या, सीटबेल्टला नको

प्रति,
वाहन सुरक्षेचे नियम लिहिणारे, अग्निशमन वाहनांना मंजुरी देणारे आणि ती खरेदी करणारे सर्व संबंधित

स.न.वि.वि.

वाहनांचे नियम वाचताना एक छोटं वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं: ‘अग्निशमन सेवेची वाहने वगळून’. कधी ते वेगमर्यादेच्या कलमात असतं, कधी चालकाच्या कामाच्या तासांच्या, तर कधी वजनाच्या. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आग कुणासाठी थांबत नाही, तेव्हा बंबालाही कुणी थांबवू नये. मी अनेक वर्षं बंब चालवला आहे आणि या वाक्याचा मला कितीतरी वेळा उपयोग झाला आहे. पण त्याच वाक्याच्या आडून बंबात बसलेल्या माणसांची सुरक्षाही हळूहळू वगळली गेली, हे मी चालकाच्या सीटवरून पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट जवळून दाखवतो.

वर्दी, म्हणजे आगीची खबर, येते तेव्हा मागच्या केबिनमध्ये चौघे चढतात. अंगात जाड कोट, तशीच विजार, पायात गमबूट, हातात मोजे. सीटच्या पाठीतच श्वसनयंत्राचा सिलिंडर अडकवलेला असतो. बसता बसता त्याचे पट्टे खांद्यावर चढवायचे, म्हणजे उतरल्याबरोबर धुरात शिरता येतं. या सगळ्यात सीटबेल्ट कुठे असतो? त्याचं बक्कल मांडी आणि शेजारच्या सीटच्या फटीत गाडलेलं असतं. बेल्ट काळा आणि श्वसनयंत्राचे पट्टेही काळे. रात्री, हलत्या केबिनमध्ये, जाड मोज्यातल्या बोटांनी कुठला पट्टा कशाचा हे चाचपडत शोधायचं. सापडला तरी कोटावरून ओढताना तो वीतभर कमी पडतो. जवान दोनतीनदा ओढून पाहतो आणि सोडून देतो. पुढे डॅशबोर्डवर बेल्टचा लाल दिवा लागलेला असतो, बझर वाजत असतो. आमच्या एका गाडीत त्या बझरवर उपाय म्हणून चारही बेल्ट सीटच्या पाठीमागून कायमचे बक्कलात खुपसून ठेवलेले होते. बझर गप्प झाला. कागदावर गाडी निर्दोष होती: सीट चार, बेल्ट चार, प्रमाणपत्र चालू. मला हे माहीत होतं आणि तरी मी गाडी काढत होतो. आज ते लपवावंसं वाटत नाही.

त्या चौघांना कुणी बेशिस्त म्हणू नये. तो बेल्ट साध्या कपड्यातल्या ट्रकचालकाच्या मापाने बनवलेला होता आणि नियमाने त्याच मापावर समाधान मानलं होतं. नियम म्हणत होता ‘बेल्ट असावा’. कोट घालून बसलेल्या माणसाला तो लावता यावा, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

२००५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या अमारिलो शहरात वर्दीवर निघालेल्या बंबाचा दरवाजा उघडला आणि २७ वर्षांचा एक जवान रस्त्यावर फेकला गेला. बेल्ट लावलेला नव्हता. दोन दिवसांनी तो गेला. त्याच्या नावाने तिथल्या दलांमध्ये सीटबेल्टची शपथ घेण्याची मोहीम उभी राहिली. शपथ चांगलीच, पण कमी पडणारा पट्टा काही शपथेने लांब होत नाही. ते काम मोजमापाने झालं. तिथल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने, नायॉशने, ९५१ जवानांच्या अंगाची मापं घेतली, त्यात ८८ महिला होत्या. त्या मापांवरून सीट किती रुंद आणि पट्टा किती लांब हवा हे सांगता आलं. तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या, म्हणजे एनएफपीएच्या, बंबांसाठीच्या १९०१ क्रमांकाच्या मानकात २००९ च्या आवृत्तीपासून बेल्टचा पट्टा भडक लाल किंवा नारिंगी रंगाचा असावा असं आलं. कारण एवढंच, की काळ्या पट्ट्यांच्या गर्दीत तो चटकन दिसावा. एवढ्याशा गोष्टीसाठी मला त्या मानकाबद्दल फार आदर वाटतो. ज्याने ती ओळ लिहिली, तो नक्की कधीतरी त्या मागच्या सीटवर बसला असणार.

आता नियमांतून मिळणाऱ्या सुटीकडे वळतो. बंबाला सूट नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. काही सुटी अत्यावश्यक आहेत, आणि त्या नीट विचार करून दिल्या की किती उपयोगी ठरतात याचं एक उदाहरण मी आवर्जून देतो. नव्या डिझेल इंजिनांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते. तिच्यात काजळी साठली किंवा तिचं द्रावण संपलं की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो, म्हणजे मालकाने दुरुस्ती टाळू नये. मालट्रकच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण बंब जागेवर उभा राहून त्याच इंजिनावर पंप चालवत असतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आगीच्या खोलीत असतो. त्या क्षणी संगणकाने ताकद काढून घेतली तर नळीतलं पाणी पडतं आणि आतल्या माणसाचा आधारच जातो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आपत्कालीन वाहनांच्या निर्मात्यांना ही ताकद-कपात टाळण्याची मुभा दिली. ही खरी सूट. नियमाचा हेतू कुठे आणि बंबाचं काम कुठे एकमेकांना आडवं जातं ते नेमकं ओळखून, तेवढीच आणि तिथेच दिलेली.

इतर ठिकाणी मात्र सूट देताना असा विचार झालेला दिसत नाही. युरोपात व्यावसायिक चालकांनी किती तास गाडी चालवावी आणि केव्हा विश्रांती घ्यावी हे ५६१/२००६ क्रमांकाचं विनियमन ठरवतं. अग्निशमन सेवेची वाहने त्यातून वगळलेली आहेत. वेगनियंत्रक बसवण्याच्या सक्तीतूनही ती वगळलेली आहेत. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११८ व्या नियमात वेगनियंत्रकाची सक्ती आहे, पण अग्निशमन गाड्यांना त्यातूनही बाहेर ठेवलं आहे. युरोपीय संघाच्या २०१८ च्या मान्यता-विनियमनात तर अग्निशमन सेवेसाठी बांधलेल्या वाहनांसाठी मान्यता घेणं निर्मात्याच्या इच्छेवर आहे. ब्रिटनमध्ये अग्निशमन सेवेच्या कामावर असलेल्या वाहनात बेल्ट लावण्याची कायद्याने सक्ती नाही. अमेरिकेत व्यावसायिक वाहनांचे केंद्रीय नियम आपत्कालीन कामावरच्या बंबाला लागू होत नाहीत.

यातली प्रत्येक सूट एकेकटी पाहिली तर समजण्यासारखी आहे. वर्दी मध्यरात्री आली तर चालकाचे तास मोजत कोण बसणार? पण तुम्ही नियम काढून घेता तेव्हा त्या जागी काय ठेवता, हा माझा प्रश्न आहे. थकलेला चालक बंबावर असला म्हणून त्याला झोप कमी येत नाही. वेगनियंत्रक नसला तर गाडी वेगाने जाईल हे ठीक, पण ती किती वेगाने सुरक्षित जाऊ शकते हे मग कोण सांगणार? मालट्रकच्या चालकाला हे नियम सांगतो. बंबाच्या चालकाला फक्त सायरन सांगतो, आणि सायरन एकच गोष्ट सांगतो: लवकर.

आणि जिथे सूट दिलेली नाही, तिथेही बंब कधी कधी दोन नियमांच्या मधल्या फटीत पडतो. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यातून आलेली केंद्रीय सुरक्षा मानकं बंबाला ट्रक धरूनच लागू होतात. २०१५ मध्ये तिथे अवजड वाहनांसाठी स्थिरता-नियंत्रण सक्तीचं झालं. वळणावर गाडी कलंडायला लागली की ही यंत्रणा स्वतः ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. पण ती सक्ती ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरना आणि मोठ्या बसना आहे. एकाच चौकटीवर बांधलेला साधा अवजड ट्रक तिच्यात येत नाही, आणि बहुतेक बंब तसेच असतात. जी गाडी पाण्याने भरलेली, उंच आणि घाईत असते, तीच नेमकी सुटली. ती उणीव एनएफपीएच्या मानकाने काही प्रमाणात भरून काढली, पण ते मानक म्हणजे कायदा नव्हे. खरेदी करणाऱ्याने निविदेत लिहिलं तर ते लागू, नाही लिहिलं तर नाही. म्हणून हे पत्र खरेदी करणाऱ्यांनाही आहे.

पाण्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण बंब म्हणजे चाकांवरचं पाणी आणि नियम लिहिताना हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साडेचार हजार लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन, आणि हे साडेचार टन वाळूसारखे स्वस्थ बसत नाहीत. टाकी काठोकाठ भरलेली असली तर पाण्याला हलायला जागा नसते. टाकी रिकामी असली तर प्रश्नच नाही. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. तुम्ही वळणावर स्टिअरिंग उजवीकडे घेता, पाणी डावीकडे चढतं. तुम्ही स्टिअरिंग सरळ करता, पाणी थोड्या उशिराने परत उजवीकडे येतं आणि गाडीला मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं. म्हणून टाकीत आडव्या-उभ्या पडद्या घालतात. त्यांना भोकं असतात, म्हणजे पाणी फिरतं पण एकदम धावत नाही. या पडद्यांमधलं अंतर वाढवलं, किंवा टाकी साफ करताना त्यातली एक काढून परत बसवलीच नाही, तर बाहेरून काहीही कळत नाही. चालकाला पहिल्या वळणावर कळतं.

एकदा आम्ही एका आगीवर अर्ध्याहून जास्त पाणी मारून परत निघालो होतो. आग विझलेली, घाई कसलीच नव्हती. एका उताराच्या वळणावर मी ब्रेक सोडला आणि मागून असा धक्का आला, की डाव्या बाजूची मागची चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत हे मला क्षणभर कळेना. ती पुन्हा टेकली. केबिनमध्ये कुणीच काही बोललं नाही. परत आल्यावर टाकीचं झाकण काढून टॉर्चने पाहिलं तर एक पडदी वेल्डिंगमधून सुटून तळाशी आडवी पडली होती. केव्हा सुटली ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण टाकीच्या आत पाहण्याची नोंद कुठल्याच तपासणीच्या कागदावर नव्हती. दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर हे सगळं मालट्रकच्या तपासणीचं होतं.

एनएफपीएच्या मानकात कलंडण्याची एक परीक्षा आहे. पूर्ण भरलेली गाडी झुकत्या फळीवर चढवायची आणि दोन्ही बाजूंना २६.५ अंशांपर्यंत तिरपी करायची. ती उलटता कामा नये. २६.५ हा आकडा कुठून आला असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. त्याचा अर्थ असा, की गाडीवर तिच्या वजनाच्या निम्म्याएवढा आडवा जोर आला तरी ती उभी राहायला हवी. आता हे वळणावर लावून पाहा. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. ताशी ५० किलोमीटरने गेलात तर आडवा जोर गाडीच्या वजनाच्या ३९ टक्के होतो. ताशी ६० ने गेलात तर ५७ टक्के. फक्त १० किलोमीटरचा फरक, आणि परीक्षेत पास झालेली गाडी रस्त्यावर नापास होते. त्या १० किलोमीटरने वेळ किती वाचतो? पाच किलोमीटरचा रस्ता असेल तर सगळा रस्ता त्या वेगाने गेल्यावर एक मिनिट. वळणापुरता धरला तर सेकंददेखील नाही.

हा हिशेब मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी शिकवायला हवा होता. मला पंप शिकवला, नळ्या शिकवल्या, शिडी शिकवली. गाडी चालवणं ‘येतंच’ असं धरलं गेलं, कारण माझ्याकडे अवजड वाहनाचा परवाना होता. परवाना देणाऱ्याने मला पाण्याच्या टाकीसह कधी पाहिलंच नव्हतं. अमेरिकेत तर राज्यांना वाटलं तर ती बंबचालकांना व्यावसायिक परवान्यापासून मोकळं ठेवू शकतात. सगळ्यात जास्त धोका पाण्याच्या टँकरचा असतो. तिथे अनेक वर्षं टँकरच्या अपघातांत इतर बंबांपेक्षा जास्त जवान गेले. म्हणूनच एनएफपीएने अवजड बंबांना ताशी ६८ मैलांची वरची मर्यादा घातली, आणि १२५० गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण ४७०० लिटरपेक्षा, जास्त पाणी वाहणाऱ्या गाड्यांना ती ६० मैलांवर आणली. ज्या गाड्यांना कायदा वेगनियंत्रकातून सूट देतो, त्यांनाच त्यांच्या धंद्यातल्या जाणत्यांनी वेगाची मर्यादा घातली. यातून तुम्ही काय ते समजून घ्यावं.

वजनाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. बंब एका कारखान्यात बनत नाही. चॅसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची, पंप तिसऱ्याचा. चॅसिसवाला सांगतो, माझी चौकट अमुक टनांपर्यंत चाचणी केलेली आहे. बॉडीवाला त्यात टाकी आणि कप्पे बसवतो आणि तेव्हा वजन बसतं. मग गाडी केंद्रावर येते आणि तिचं खरं आयुष्य सुरू होतं. एखादी मोठी घटना झाली की एक जादा जनरेटर येतो. पुढच्या वर्षी भिंत फोडायचं यंत्र येतं, मग जादा नळ्या, मग छतावर आणखी एक शिडी. प्रत्येक वस्तू उपयोगाची असते आणि प्रत्येक वस्तू शक्य तितकी वर ठेवली जाते, कारण खालचे कप्पे भरलेले असतात. दहा वर्षांनी ती गाडी कागदावरच्या गाडीपेक्षा वजनदार आणि उंच भाराची झालेली असते. प्रमाणपत्र मात्र पहिल्या दिवसाचंच राहतं. २०१५ मध्ये अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांवर आपत्कालीन वाहनांना ८६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ३९ टनांपर्यंत, परवानगी दिली. पुलाने किती भार सोसायचा याचा विचार तिथे झाला, ते योग्यच. पण गाडीचे ब्रेक, टायर आणि आस (अ‍ॅक्सल) किती सोसतात हा विचार कुणी दरवर्षी करतं का? बंबाला भरलेल्या टाकीसह, सगळ्या सामानासह आणि आत बसलेल्या माणसांसह वर्षातून एकदा वजनकाट्यावर न्या, एवढं साधं वाक्य नियमात असायला काय हरकत आहे? प्रत्येक आसाचं वजन वेगळं मोजा. डावीकडचं आणि उजवीकडचंही वेगळं मोजा, कारण एका बाजूचा कप्पा जड असला तर बंब सरळ रस्त्यावरही झुकलेला चालतो.

ब्रेकचं सांगतो. ९ जानेवारी २००९ ला अमेरिकेत बॉस्टनमध्ये एक शिडीची गाडी कामावरून परत येताना उतारावर ब्रेक न लागल्याने एका इमारतीवर आदळली आणि पुढे बसलेले अधिकारी गेले. तपासात निघालं ते प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे. हवेच्या ब्रेकमध्ये ब्रेकचं अंतर आपोआप जुळवणारा एक छोटा भाग असतो, ऑटोमॅटिक स्लॅक अॅडजस्टर. नावाप्रमाणे तो स्वतः जुळवून घेतो. तो जुळवत नसेल तर काहीतरी बिघडलं आहे आणि ते दुरुस्त करायला हवं. तिथे मात्र दर वेळी तो पान्याने हाताने आवळून दिला जात होता. दुखणं तसंच राहिलं, त्या आवळण्याने ते झाकलं गेलं आणि ब्रेक हळूहळू निकामी होत गेला. हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांना त्याचं शिक्षणच मिळालेलं नव्हतं. हाताने आवळणारा माणूस आळशी नव्हता, तो आपल्या परीने गाडी सांभाळत होता, आणि म्हणूनच मला ही घटना फार लागते. गाडीला मान्यता होती. तिला सांभाळणाऱ्याच्या शिक्षणाला कुठलाच नियम लागू नव्हता.

बंबाचं म्हातारपणही मालट्रकसारखं नसतं. मालट्रक किलोमीटरने झिजतो. बंब आठ-दहा वर्षांत फार थोडे किलोमीटर धावतो, पण उभ्या उभ्या तासन् तास इंजिन चालवतो. किलोमीटर पाहून त्याचं तेल आणि पट्टे बदलायचे ठरवले तर ते कधीच बदलायची वेळ येणार नाही. म्हणून इंजिनाचे तास मोजा, पंपाचे तास वेगळे मोजा. टायरचंही तसंच. खाच पाहून टायर बदलण्याचा नियम बंबाला फसवतो, कारण खाच नव्यासारखी राहते आणि रबर आतून वाळून चिरतं. बंब उभा असतो तोही कायम पूर्ण भाराने, टाकी भरून, त्याच चार-सहा टायरांवर. एनएफपीएच्या देखभालीच्या मानकात टायर सात वर्षांनी बदलावेत असं आहे, खाच कितीही असो. हे वाचून मी आमच्या एका गाडीच्या टायरवरचा तारखेचा ठसा पाहिला होता. ठसा बाहेरून वाचताच येत नव्हता, कारण टायर तो ठसा आत करून बसवला होता. गाडीखाली आडवं होऊन वाचला तेव्हा टायर अकरा वर्षांचा निघाला.

केबिनच्या मजबुतीबद्दल थोडंच सांगतो, कारण इथे जाणकारांनी बरंच काम करून ठेवलं आहे. ट्रकच्या केबिनसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला २९ क्रमांकाचा नियम आहे, समोरून आघात आणि छतावर भार अशा त्याच्या चाचण्या आहेत. कारखान्याची मूळ केबिन त्यातून जाते. पण तीच केबिन कापून, मागे चार माणसांची जागा वाढवून, नवं छत आणि नवे दरवाजे लावले तर तो दाखला त्या वाढवलेल्या भागाला लागू समजू नका. माणसं तर त्याच भागात बसतात. वाढवलेल्या केबिनची चाचणी वाढवलेल्या अवस्थेतच व्हायला हवी. आणि आतली प्रत्येक सुटी वस्तू बांधलेली असायला हवी. श्वसनयंत्राचा सिलिंडर, कुऱ्हाड, टॉर्च, शिरस्त्राण, सगळं. गाडी आदळली की दहा-बारा किलोचा सुटा सिलिंडर समोरच्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून जातो.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर बंब महागतील, छोट्या दलांना घेता येणार नाहीत, आणि जुने बंबच आणखी वर्षं धावतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. जुन्या गाडीत बेल्टशिवाय बसणारा जवान माझ्याही डोळ्यांसमोर आहे. पण मी मागतो आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही, लिहिण्याची तयारी लागते. वजनकाट्यावर नेणं, टाकीत टॉर्च टाकून पाहणं, टायरची तारीख वाचणं, तासांची नोंद ठेवणं, चालकाला पाण्याच्या टाकीसह वळणं शिकवून मगच वर्दीवर पाठवणं. लाल पट्ट्याचा बेल्ट काळ्यापेक्षा फार महाग नसतो. स्थिरता-नियंत्रण महाग आहे, पण ते नव्या गाडीत पहिल्यापासून मागितलं तर मिळतं, नंतर बसवणं फार अवघड जातं. म्हणून ते मान्यतेच्या नियमात हवं, खरेदी करणाऱ्याच्या मर्जीवर नको.

सूट लिहिण्याच्या पद्धतीतही एक बदल मागतो. जिथे जिथे ‘अग्निशमन सेवेची वाहने वगळून’ असं लिहिलं आहे, तिथे त्याच कलमात पुढे लिहावं: वगळल्यामुळे जी सुरक्षा गेली ती कशाने भरून काढायची आणि ते कुणी पाहायचं. तासांचा नियम वगळला, तर लांब चाललेल्या आगीवर चालक बदलण्याची जबाबदारी कुणाची ते लिहा. वेगनियंत्रक वगळला, तर त्या गाडीची कलंडण्याची परीक्षा, वळणावरचा सुरक्षित वेग आणि वेग-ब्रेक-बेल्ट यांची नोंद ठेवणारं यंत्र मागा. नोंद ठेवणारं यंत्र जवानाला पकडण्यासाठी नाही, पुढच्या गाडीचा बेल्ट लांब करण्यासाठी वापरा. बेल्ट लावण्याची सक्ती वगळली असेल तर ती परत आणा. सगळे बसलेले आणि बांधलेले असतील, मगच चालक गिअर टाकेल, आणि गाडी उभी राहीपर्यंत ते तसेच राहतील, हा नियम करा. मी चालक होतो. तसा नियम असता तर माझ्या हातात ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असता आणि घाईत असलेल्या अधिकाऱ्यासमोर मला तो एकट्याच्या हिमतीवर वापरावा लागला नसता.

शेवटची विनंती तुमच्या पुढच्या बैठकीबद्दल आहे. कागद उघडण्याआधी एखाद्या केंद्रातून बंबाची मागची एक सीट मागवून घ्या, पाठीत श्वसनयंत्र अडकवलेली. जवानाचा कोट, विजार, गमबूट आणि मोजे घाला. दिवे बंद करायला सांगा. मग बसा, यंत्राचे पट्टे खांद्यावर घ्या आणि बेल्ट लावून पाहा. बाहेर कुणालातरी घड्याळ लावून उभं करा. बक्कल सापडायला किती वेळ लागला आणि पट्टा पोहोचला का, हे त्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त बंबचालक